चौथा रकाना

कचेरीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसातला किती वेळ कागद शोधण्यात जातो? तो नुसता हसेल. मी बी.ए. झालो आणि 1992 साली एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. कविता संध्याकाळी, दिवसभर दप्तर.

सहा-सात वर्षांनी आमचे एक शिपाई अचानक वारले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी चाची खेपा घालू लागल्या. सेवापुस्तक आस्थापना शाखेत होते, रजेचा हिशेब दुसऱ्याच टेबलावर, आणि नामनिर्देशनाचा कागद कुठेच नाही. ज्यांना ठाऊक असायचे ते हेडक्लार्क निवृत्त होऊन गावी गेलेले. चौदा महिन्यांनी तो कागद लेखा शाखेत, भविष्य निर्वाह निधीच्या गठ्ठ्यात सापडला. आडनाव 'शेख'ऐवजी 'सेख' लिहिलेले, त्यामुळे नोंदवहीत 'श'खाली पाहणाऱ्यांना ते दिसलेच नव्हते. तोवर चाचींच्या धाकट्याची शाळा सुटली होती.

कागद हरवला नव्हता, हे मला फार लागले. सरकारी दप्तराला शिस्त नाही असे कुणी म्हणू नये. सहा गठ्ठे पद्धत आहे. कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि कोणता कागद किती वर्षे जपायचा ते त्यावरून ठरते. पण ही सारी व्यवस्था ठेवणाऱ्याच्या बाजूने रचलेली. शोधणाऱ्याच्या हाती गठ्ठ्याचा क्रमांक नसतो. त्याला एखादा शब्द, तोही अर्धवट, आठवत असतो.

याचे उत्तर मला कवितेच्या पुस्तकांत दिसले. उर्दू दिवाणात गझला अखेरच्या अक्षराच्या क्रमाने लावायची जुनी रीत आहे. मुशायऱ्यातून घरी येताना कानात शेराचे शेपूटच घोळत असते ना! तेवढ्यावरून गझल सापडते. आपल्या अभंगांच्या गाथांना शेवटी पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची असते, कारण अभंग आपल्याला सुरुवातीने आठवतो. माणसाच्या ध्यानात काय राहते ते ओळखून केलेली ही सोय आहे.

मग मी एक वही घातली. चार रकाने : कागद कोणता, कुठल्या शाखेत, कुणाच्या ताब्यात, आणि चौथा, लोक त्याला काय म्हणतात. 'अंतिम वेतन प्रमाणपत्र' कुणी मागत नाही, 'एलपीसी' मागतात. 'वार्षिक वेतनवाढ' नव्हे, 'इन्क्रिमेंट'. साहेबांना चौथा रकाना पोरकट वाटला. वहीत सर्वांत मळलेला तोच झाला.

अलीकडे कचेरीतले कागद संगणकावर शोधण्याची सोय करायला एक तरुण अभियंता आला. ती वही मी त्याच्यापुढे ठेवली. त्याने मला यंत्राची रीत समजावली. आपण शब्द टाकल्यावर यंत्र सगळे कागद वाचत बसत नाही. कोणता शब्द कोणकोणत्या कागदांत आहे याची यादी ते आधीच करून ठेवते, पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखी.

ऐकायला सोपे, पण मराठीत गोम आहे. युनिकोड येण्यापूर्वी आम्ही ज्या फाँटांत टंकलेखन केले, त्यांत पडद्यावर दिसायचे मराठी आणि आत साठायची भलतीच अक्षरे. त्या फायली रूपांतर केल्यावाचून सापडत नाहीत. स्कॅन केलेला कागद तर यंत्राला नुसते चित्र. त्यातली अक्षरे वेगळी ओळखवून घ्यावी लागतात. त्यात आपली विभक्ती! 'रजा' शोधाल तर 'रजेचा', 'रजेवर' सुटतात, कारण शब्दाचे अंगच बदलते. 'पेन्शन', 'पेंशन' आणि 'निवृत्तिवेतन' एकच आहेत हेही यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. आणि 'शेख', 'सेख'सुद्धा.

आणखी दोन गोष्टी आम्ही हट्टाने करून घेतल्या. रद्द झालेल्या परिपत्रकावर 'अधिक्रमित' असे ठळक दिसलेच पाहिजे, कारण न सापडलेल्या कागदापेक्षा सापडलेला जुना नियम जास्त घात करतो. दुसरे, गोपनीय अहवाल नि वैद्यकीय दाखले ज्याचे काम त्यालाच दिसावेत. 2005च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक कचेऱ्यांना दप्तर सूचीबद्ध ठेवायला सांगते, आणि अर्जाला एरवी तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. तेवढ्या मुदतीत आधी आपल्याच माणसाला कागद सापडायला हवा.

अभियंत्याला माझी एक मागणी विचित्र वाटली. जे शब्द टाकून काहीच हाती लागले नाही, त्यांची यादी मला दर शुक्रवारी द्यायची. कुणी शोधले ते नको, फक्त शब्द. त्याने दिली. पहिल्याच आठवड्यात एक शब्द सात वेळा आला होता : 'मयत'. आमच्या सगळ्या परिपत्रकांत 'दिवंगत' होते.

मी जुनी वही काढली आणि चौथ्या रकान्यात तो लिहून घेतला.