घरकर्जाचे रोखे: आज विकायला काढले तर गिऱ्हाईक मिळेल का?

बल्लारपूरच्या लाकूड डेपोतला सागवानाचा लिलाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. लाकूड तेच, प्रत तीच. पण बोली लावणारे दहा असले तर भाव एक, दोनच असले तर दुसरा. वस्तू चटकन आणि भाव न पाडता विकली जाणे, यालाच तरलता म्हणतात. घरकर्जाच्या बाजारातही हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

गृहवित्त कंपनी शेकडो कुटुंबांना कर्ज देते. वीस वर्षे हप्त्यांची वाट पाहण्याऐवजी ती या कर्जांची मोट बांधून त्यावर रोखे विकते. आपला हप्ता रोखे घेणाऱ्याकडे जातो, कंपनीला रोकड आजच मिळते आणि त्यातून नवी कर्जे देता येतात. एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या कर्जांवरचे असे १,००० कोटींचे रोखे मे २०२५ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर नोंदले गेले. देशात असे पहिल्यांदाच घडले. खासगी रोख्यांना सरकारी हमी नसते. त्यामुळे घेणारे घाबरले की बाजार लगेच ओस पडतो.

मग तरलता मोजायची कशी? मापे मुख्यतः तीन.

पहिले, भावातले अंतर. सराफ सोने विकतो एका भावाने, आपल्याकडून घेतो त्यापेक्षा कमी भावाने. हे अंतर जितके जास्त, तितकी तरलता कमी.

दुसरे, उलाढाल. बाजारातल्या एकूण रोख्यांपैकी महिन्याभरात कितींनी हात बदलले?

तिसरे, भावावरचा परिणाम. मोठा गठ्ठा एकदम विकायला काढला तर भाव किती पडतो?

खरी अडचण सौदेच होत नाहीत तेव्हा येते. मग कागदावरचा भाव हा फक्त अंदाज असतो. ९ ऑगस्ट २००७ रोजी फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणे थांबवले, कारण अमेरिकी घरकर्जांवरच्या रोख्यांची किंमतच ठरवता येत नव्हती.

आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस थकली. त्याच महिन्यात एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे अल्पमुदतीचे कर्जरोखे पडत्या भावात विकले. हे रोखे घरकर्जांच्या मोटेवरचे नव्हते, तरी एका सौद्याने बाजार हादरला आणि कंपनीचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. पुढे अनेक गृहवित्त कंपन्यांना पैसा मिळणे कठीण झाले.

व्याजाचा मसला उलेमांकडे विचारावा. आम्ही इथे फक्त व्यवहार सांगतो. बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज टप्प्याटप्प्याने मिळते. कंपनीची रोकड आटली तर छत पडायच्या आधीच पैसे अडकू शकतात. म्हणून सही करण्यापूर्वी व्याजदराबरोबर हेही विचारा: ही संस्था पैसा आणते कुठून? ठेवींतून, बँकांकडून उसना घेऊन, की रोखे विकून? उत्तर लेखी मिळाले तर अधिक चांगले.