कर्जतचा सूर्य उशिरा उगवतो

मोबाइलवर दिसणारी सूर्योदयाची वेळ कर्जतच्या मुलखात फारशी कामाची नाही. तालुक्याच्या पूर्वेला भीमाशंकरच्या पठाराची भिंत उभी आहे; सूर्याला ती ओलांडूनच यावं लागतं. आपल्याकडे तो साधारण चार मिनिटांत एक अंश वर सरकतो. भिंतीचा माथा नजरेला पाच अंश उंच असेल, तर वीसेक मिनिटांचा उशीर ठरलेला. तोवर पश्चिमेला माथेरानच्या कड्यांवर ऊन पोचलेलंही असतं. पहिलं ऊन टिपायचं तर पूर्वेकडे पाठ करायची!

रात्रीच्या लोकलने कर्जत गाठून आंबिवलीमार्गे कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, चढणारे पुष्कळ. इथला सुळका आतून पोखरून त्यात जिना खोदलाय. टॉर्चच्या उजेडात, हाताने कातळ चाचपत उंच पायऱ्या चढायच्या नि एकदम उघड्या आभाळाखाली यायचं. मजा आहे खरी, पण माथ्यावर गेलं की सुळकाच फोटोतून गायब! तो हवा असेल तर खालीच थांबावं. सुळक्याच्या पश्चिमेला उभं राहिलं तर सूर्यासमोर त्याची काळी आकृती मिळते. उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलं की तिरप्या उन्हात बेसाल्टचे थर उठून दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर.

खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाला नेढं आहे, खडकात आरपार पडलेलं भगदाड. त्यातून उगवता सूर्य पकडायची हौस अनेकांना असते. पण सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही. जूनअखेरीस तो पूर्वेच्या 25 अंश उत्तरेला, डिसेंबरअखेरीस तितकाच दक्षिणेला असतो. दुसऱ्याच्या फोटोतली जागा वेगळ्या महिन्यात उपयोगाची नाही. होकायंत्र घेऊन आदल्या दिवशीच पाहणी करावी. गडाची रुळलेली वाट इर्शाळवाडीतून जायची. 19 जुलै 2023च्या रात्री दरड कोसळून ती वाडी गाडली गेली. पावसाळ्यात इथल्या उतारांच्या वाटेला जाऊ नये, ते यासाठी.

कॅमेऱ्याची खरी पंचाईत काळ्या कातळाने होते. आकाश नीट आलं की खडक कोळसा होतो, खडक उजळला की आकाश पांढरं पडतं. ट्रायपॉडवर कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाच्या तीन फ्रेम घेऊन मग त्या जोडतात. मोबाइलवाल्यांनी बोट आकाशावर टेकवून फोकस करावा आणि खडक खुशाल काळा होऊ द्यावा. सुळक्याला काळा रंग शोभतो. हिवाळ्यात लेन्सवर दव धरतं, म्हणून कोरडं सुती फडकं खिशात हवंच. कड्याला आग्या मोहोळ असेल, तर खाली चहासाठी चूल पेटवायची नाही. धुराने माश्या उठतात.