गाभडलेली गाय आणि आज्याचा दाखला

पशुवैद्यकीय सेवेत उभा जन्म गेल्यावर अवेळीचे निरोप, चिखलातल्या वाटा आणि वर्षाअखेरीचे तक्ते या साऱ्यांची मनुष्याला सवय होते. परंतु एका वाक्याची सवय मला काही केल्या झाली नाही. गाय गाभडलेली असते, वार अडकलेली असते, आणि ती उघड्या हाताने काढू पाहणाऱ्या मालकाला थोपवावे, तर तो किंचित हसून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आमच्या आज्यानं जन्मभर वार हातानंच काढली. त्याला काय झालं न्हाई, ते आमाला काय हुतंय?"

गेल्या हिवाळ्यात कृष्णाकाठच्या एका वस्तीवर हा दाखला पुन्हा एकवार माझ्यापुढे ठेवण्यात आला. संकरित गाय, सातवा महिना, वासरू मेलेले पडले होते. अर्धवट लोंबणाऱ्या वारेला, वजनाने ती खाली उतरावी म्हणून, एक जुनी चप्पल बांधलेली होती. आणि कोपरापर्यंत गोडेतेल चोळून मालक सिद्ध झाला होता. आदल्या दिवशी वैरणीसाठी वाढे तोडताना उसाच्या पात्यांनी काढलेल्या बारीक चिरा त्याच्या त्याच हातावर ताज्या होत्या. वासरू तोवर कुत्र्याने परड्यापर्यंत ओढत नेले होते. गाभडण्याचे कारण मला सांगण्यात आले ते असे, की चार दिवसांपूर्वी गाय ओढ्याच्या उतारावर घसरली होती.

घसरून गाय गाभडत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली, आणि त्यातही एकाच दावणीच्या गाई एकीमागून एक गाभडू लागल्या, तर ओढ्याला दोष देण्यापूर्वी ब्रुसेल्ला या जंतूचा संशय घ्यावा, कारण सांसर्गिक गर्भपात म्हणून आमच्या दप्तरात ज्याची नोंद होते तो रोग याच जंतूचा आहे. गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाचे जे शर्करावर्गीय द्रव्य असते ते या जंतूला इतके मानवते, की तेथे त्याची बेसुमार वाढ होते. आणि मग वार, गर्भजल व पडलेले वासरू यांच्याइतका जंतूंचा साठा त्या गोठ्यात दुसरीकडे कोठेही सापडत नाही. तो साठा माणसाच्या शरीरात शिरायला कातडीवरची एखादी चीर पुरते. डोळ्यात उडालेला शिंतोडा किंवा नाकातून गेलेला तुषारही पुरतो. सर्वांत फसवा भाग पुढेच आहे: एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेस बहुधा पूर्ण दिवसांचे वासरू देते, नीट चरते, नीट रवंथ करते, आणि मालक ती बरी झाली असे धरून चालतो, प्रत्यक्षात ती दुधावाटे व दर वेताला जंतू टाकीतच असते.

धडधाकट जनावराविषयीचा हा भ्रम केवळ आमच्या शेतकऱ्याचा आहे, असे समजून शिकल्यासवरल्यांनी मिशा पिळू नयेत. माल्टा बेटावरच्या इंग्रज फौजेला एका चिवट तापाने जेरीस आणले होते. डेव्हिड ब्रूस या लष्करी वैद्याने 1887 मध्ये मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्या तापाचा जंतू शोधून काढला, तरी तो येतो कोठून याचा उलगडा व्हायला पुढे 18 वर्षे लागली, कारण दारोदार फिरवून उंबरठ्यावर पिळल्या जाणाऱ्या टुमटुमीत शेळ्यांकडे संशयाने पाहण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टीज वैद्याने 1905 मध्ये शेळ्यांचे रक्त तपासले तेव्हा दिसून आले, की दिसायला निरोगी अशा त्या जनावरांतच जंतूचे ठाणे आहे. दुसऱ्या वर्षी फौजेला शेळीचे दूध बंद करण्याचा हुकूम सुटला आणि बराकींतला ताप झपाट्याने ओसरला. गाई गाभडवणारा जंतू डेन्मार्कच्या बँग यांना 1897 मध्येच सापडला होता; परंतु तो आणि माल्टाचा जंतू सख्खे भाऊ आहेत, असे अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी 1918 मध्ये मांडले तेव्हा भल्याभल्या शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. पुढे 1922 मध्ये त्यांना स्वतःलाच या रोगाने गाठले, आणि कित्येक वर्षे त्यांच्या दुखण्याला वैद्य मनाचा खेळ म्हणत राहिले.

आता आज्याकडे वळू. या रोगात ताप दिवस मावळताना चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजते, सकाळी मनुष्य उठून कामाला लागतो, आणि असे आठवडेच्या आठवडे चालते. कंबर धरते, सांधे ठणकतात, क्वचित पुरुषांचे वृषण सुजते. जंतू शिरल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे, कधी महिनेही लोटतात. तेव्हा गोठ्यातल्या त्या रात्रीचा आणि या तापाचा संबंध जोडणार कोण? दवाखान्यात त्याला टायफॉईड म्हणतात, हिवताप म्हणतात, वय झाले असेल तर संधिवात म्हणतात. मी मालकाला विचारले, "आजोबा गेले कशानं?" तो म्हणाला, "म्हातारपणानं. कंबर धरली हुती कवाधरनं. ताप यायचा, जायचा." एवढ्यावरून निदान करण्याइतका मी उतावळा नाही, परंतु ज्याच्या रक्ताची परीक्षा कधी झालीच नाही, अशा साक्षीदाराच्या जबानीवर जंतूला निर्दोष सोडून द्यावे, हा न्याय मात्र मला समजत नाही.

रोग असाध्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन ही औषधे सहा आठवडे घ्यावी लागतात. आठव्या दिवशी ताप उतरला म्हणून गोळ्या फळीवर ठेवणाऱ्याचा ताप पुन्हा उलटण्याची धास्ती असते. "माझ्या गोठ्यात गाय गाभडली होती," हे वाक्य रोग्याने वैद्यापुढे आपण होऊन उच्चारले, तर अर्धे निदान तेथेच होते.

धारोष्ण दुधाच्या अभिमान्यांशी मी वाद घालीत नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याची स्तुती आहे हे खरे. पण ग्रंथकर्त्यांनी तुमच्या गाईचे रक्त तपासले नव्हते. दुधाला एक चांगली उकळी आणा, जंतू मरतो.

लसीने जनावर गाभडते, ही समजूत सर्वस्वी निराधार नाही, म्हणूनच ती अधिक त्रास देते. ब्रुसेल्लाची लस जिवंत जंतूंची असते आणि गाभण गाईला ती टोचली तर अपाय होऊ शकतो. याच कारणाने 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती फक्त 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना, आयुष्यात एकदाच दिली जाते.

किरकोळ समजुतींची वासलात थोडक्यात लावतो. पिसाळते ते फक्त कुत्रे, हे खोटे आहे. लाळ गाळणाऱ्या गाईच्या घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालणारे पुष्कळ पाहिले, आणि तसा हात घातला गेलाच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा, हळद-चुना लावीत बसू नये. नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येऊन अकस्मात मेलेले जनावर कातड्यासाठी फाडू नये. ती काळपुळी असू शकते आणि तिचे बीज जमिनीत दशकानुदशके टिकते. उलट लम्पी माणसाला होत नाही. 2022 मध्ये तिच्या भयाने दूध बंद करणाऱ्या कित्येक घरांत गाभडलेल्या गाईची वार मात्र उघड्या हातानेच निघत होती.

त्या वस्तीवर आम्ही कुत्र्याच्या तोंडचे वासरू सोडवून आणले, वारेसह खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले, गाईच्या रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे रवाना केला. खांद्यापर्यंत येणाऱ्या हातमोज्यांच्या दोन जोड्या मी मालकाच्या स्वाधीन केल्या. महिन्याभराने त्या वाटेने गेलो तेव्हा एक जोडी घालून तो वांग्यांवर औषध मारीत होता. दुसरी, म्हणाला, गोठ्यातच टांगली आहे.