पुराव्याचे पाखरू

सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भातले थंड हवेचे ठिकाण म्हणून सर्वांना ठाऊक आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत लोटले तो कीचकदरा आणि त्याचाच पुढे चिखलदरा झाला, अशी या गावच्या नावाची लोककथाही परिचित आहे. अलीकडच्या काळात मात्र भीमकुंड, देवी पॉइंट आणि पंचबोलच्या कड्यांवर येणाऱ्या पर्यटकांबरोबरच गळ्यात लांबलचक लेन्स अडकवलेल्या हौशी पक्षिछायाचित्रकारांचीही ये-जा वाढली असून, त्यांपैकी पुष्कळांच्या मनात खालच्या मेळघाटच्या सागवानी जंगलातला एकच पक्षी असतो, तो म्हणजे रानपिंगळा. जेमतेम वीतभर उंचीच्या या घुबडाची कथा ही एका अर्थाने पक्ष्याचा पुरावा कसा गोळा करावा आणि कसा करू नये याचीच कथा आहे, आणि म्हणून छायाचित्रणाच्या छंदाचा विचार करताना ती सविस्तर पाहणे इष्ट ठरते.

आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात 1872 साली एफ. आर. ब्लूइट यांना या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला आणि पुढच्याच वर्षी पक्षितज्ज्ञ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून जातीला ब्लूइट यांचे नाव दिले. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने टिपायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा आणि ते चिठ्ठीसह संग्रहालयात ठेवायचे, अशीच रीत होती. रानपिंगळ्याचे असे मोजकेच नमुने जमले, त्यांतले काही खानदेशात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मिळवले होते, आणि 1884 नंतर खात्रीचा एकही नमुना हाती आला नाही. त्यानंतरचा 1914 सालचा एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दक्षिण गुजरातेतील मांडवी येथे मिळवल्याचे सांगितले होते. परंतु पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने व क्ष-किरणांच्या साह्याने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, खोटी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे उघड झाले. पक्षिशास्त्रातील गाजलेल्या लबाड्यांत या प्रकाराची गणना होते.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर, उरलेल्या खऱ्या नोंदींवरून शोध कोठे घ्यायचा हे स्पष्ट झाले. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना 25 नोव्हेंबर 1997 रोजी खानदेशातील शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, निष्पर्ण झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला, आणि 113 वर्षांनंतर जगासमोर आलेला पुरावा या वेळी कातड्याचा नव्हता, तर छायाचित्रांचा आणि चित्रफितीचा होता. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तळोदा, तोरणमाळ आणि मेळघाट येथे या पक्ष्याचा माग काढला, आणि त्याची सर्वांत भक्कम वस्ती मेळघाटात असल्याचे दिसून आले.

छायाचित्र हा पुरावा म्हणून उपयोगी पडायचे तर त्यात ओळखीच्या खुणा दिसाव्या लागतात. गावाशेजारच्या आमराईत आढळणारा साधा पिंगळा आणि रानपिंगळा लांबून सारखेच भासतात. तथापि पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा असतो, त्याच्या पंखांवर व शेपटीवर ठळक आडवे पट्टे असतात, पोट पांढरे असते आणि पाय जाडजूड व पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. बहुतेक घुबडांप्रमाणे तो दिवसा लपून न राहता उघड्या फांदीवर बसून सरडे, उंदीर यांसारखी शिकार करतो, म्हणून उजेडात त्याचे चित्र घेता येते. आणि हीच सोय त्याला गोत्यात आणणारीही ठरते, त्याविषयी पुढे.

साधनांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण बाजारात त्यांची कमतरता नाही आणि दुकानदार ती भरभरून सांगतात. ज्या लेन्सचे नाभीय अंतर, म्हणजे दूरचे दृश्य किती मोठे दिसेल हे ठरवणारे माप, 400 ते 600 मिलिमीटर असते, ती पक्ष्यांसाठी सोयीची. शटरचा वेग म्हणजे प्रकाश आत येण्याचा कालावधी; बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग बहुधा पुरतो, उडत्या पक्ष्यासाठी मात्र दोन हजाराव्या भागापर्यंत जावे लागते. जंगलात ठरलेल्या वाटेवरून फिरणाऱ्या जिप्सीत तिवई उभी करता येत नाही, तेथे धान्याने भरलेली छोटी पिशवी गाडीच्या कडेवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवणे हा जुना आणि स्वस्त उपाय आजही सर्वांत चांगला आहे.

साधनांपेक्षा ऋतू अधिक महत्त्वाचा. पावसाळ्यात चिखलदऱ्यावर धुके इतके उतरते की हाताच्या अंतरावरचेही दिसत नाही. माघ-फाल्गुनात मात्र सागाची पाने झडून फांद्या उघड्या पडतात, पळस, पांगारा आणि काटेसावर फुलते, आणि अशा एकाच फुललेल्या झाडाजवळ शांतपणे थांबले असता कोतवाल, हळद्या, मैना, बुलबुल, पोपट एकामागून एक येत राहतात. दुर्मीळाच्या मागे धावणाऱ्यांना हे सांगणे जड जाते, पण छायाचित्रणाचा हात बसतो तो अशा रोजच्या पाखरांवरच.

नेमक्या याच काळात, म्हणजे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम असतो आणि तो झाडाच्या ढोलीत घरटे करतो. फांदीवर नर कोठे बसतो हे एकदा कळले की तेथे गाड्या थांबू लागतात, आणि कोणी मोबाईलवर त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण लावून त्याला समोर बोलावतो. संशोधकही गणनेसाठी हे तंत्र मोजून-मापून वापरतात; परंतु प्रत्येक हौशी माणसाने ते लावले तर दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असे समजून पक्षी शिकार आणि पिल्ले सोडून भांडायला येतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे आणि प्राण्याला आमिष दाखवणे यांचाही समावेश आहे, हे फार थोड्या छायाचित्रकारांना ठाऊक असते. म्हणजे कायद्याच्या लेखी बंदूक न उचलताही शिकार घडू शकते.

लपून छायाचित्र घेण्याची परंपरा मात्र जुनी आणि पक्ष्याला न दुखवणारी आहे. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बैलाच्या पोकळ कातड्यात बसून पक्षी टिपले. लपण म्हणजे पक्ष्याला सवयीची वाटणारी आडोशाची जागा, हा विचार त्यांच्यामुळे रुजला. त्यांच्याच देशातील एरिक हॉस्किंग यांच्यावर 1937 साली घुबडाने झडप घातली आणि त्यांचा एक डोळा गेला, तरी त्यांनी हा छंद सोडला नाही. घरट्याजवळचे घुबड काय करू शकते याचा हा दाखला मेळघाटात जाणाऱ्यांनी ध्यानी ठेवावा.

जंगलातले कोरकू आदिवासी तरुण मार्गदर्शक पक्षी ओळखण्यात तरबेज असतात, आणि गाडी किती मागे थांबवावी हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. त्यांनी “आता पुरे” म्हटले की कॅमेरा खाली ठेवणे हीच सवय लावून घ्यावी लागते. छायाचित्राखाली तारीख, वेळ, हवामान आणि पक्षी काय करत होता हे लिहिणे, ही संग्रहालयातील चिठ्ठीचीच आजची आवृत्ती होय, आणि ती खोटी नसावी इतकेच नव्हे तर वेळप्रसंगी अपुरीही असावी. कारण मोबाईलमध्ये काढलेल्या चित्रात अक्षांश-रेखांशही साठवले जातात आणि अंधश्रद्धेपोटी घुबडांची तस्करी करणारेही समाजमाध्यमे पाहतातच. म्हणून जाणते छायाचित्रकार चित्र प्रसिद्ध करण्याआधी ही माहिती पुसून टाकतात आणि ठिकाणाच्या रकान्यात फक्त ‘मेळघाट’ एवढाच शब्द लिहितात.