आधी ब्रेक, मग टायर

बाबांची जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप, २११२ सीसीचं डिझेल इंजिन. गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूला एक ओढा तिने सहज पार केला. पुढच्या उतारावर ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना! चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि आत पाणी गेलेलं. गाडी फोर-लोमध्ये होती, म्हणून इंजिननेच तिला आवरलं.

तोवर माझ्या यादीत सगळ्यात वर होते मोठे टायर. घरी येऊन यादी उलटी केली. मोठ्या टायरने जीप रुबाबदार दिसते, पण ब्रेक आणि ॲक्सलवरचा भार वाढतो. शिवाय कंपनीच्या मूळ नोंदींशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत.

मग खर्च केला तो न दिसणाऱ्या गोष्टींवर. ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर, होज पाइप नवे घातले. रेडिएटर साफ करून घेतला. सगळ्यात स्वस्त काम म्हणजे ॲक्सलच्या ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून तिचं तोंड उंचावर बांधलं. तापलेला ॲक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं, तर ते लगेच बदलायचं.

आता ओढा ओलांडला की सपाटीवरच, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक हलका दाबत थोडं अंतर जातो. ड्रम तापून सुकतात.

परवा बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "आता कुठे तुला जीप चालवता यायला लागली."