हयातीचा दाखला

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. न दिल्यास पेन्शन थांबते. आमच्या समोरच्या माडीवर एकटे राहणाऱ्या अज्जांना हाच नियम जाचे. त्यांचे दार सदैव बंद. भाजीसुद्धा ते दोरीच्या टोपलीतून वर ओढतात. गल्ली त्यांना विक्षिप्त म्हणते.

२०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आले आणि आधारच्या साह्याने हा दाखला संगणकावरून देता येऊ लागला. २०२० पासून त्यासाठी पोस्टमन घरी येतो. २०२१ पासून मोबाईलला चेहरा दाखवूनही भागते. हे सारे मी कानडीत लिहून टोपलीत ठेवले. पोस्टमनसाठी अज्जांनी दार उघडले.

मित्रहो, आपल्या गल्लीतले असे बंद दार ऑक्टोबरातच आठवा. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींचा दाखला तेव्हापासूनच स्वीकारतात.