हात वर केला की छत

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोनाकोपासून जवळच, रोकब्रून-काप-मार्तें नावाचं गाव आहे. तिथे समुद्रालगतच्या उतारावर एक छोटीशी खानावळ होती, नाव ‘तारामासा’. ३० डिसेंबर १९५१ रोजी तिथल्या टेबलाच्या कोपऱ्यावर चौसष्ट वर्षांच्या एका गिऱ्हाइकानं कागद पुढे ओढला आणि पाऊण तासात एक लाकडी खोपटं रेखाटलं. बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून.

हे गिऱ्हाईक म्हणजे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए. त्याच वर्षी त्यानं चंडीगडचं काम हाती घेतलं होतं. आधी दीड लाख आणि पुढे पाच लाख माणसं सामावतील असं अख्खं शहर त्याच्या डोक्यात चालू होतं, आणि त्याच डोक्यातून हे दोन माणसांचं खोपटं निघालं. पुढच्याच वर्षी ते उभं राहिलं आणि आजही तिथेच आहे.

आतली खोली ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर. आपल्या भाषेत बारा बाय बारा. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ जणांचा संसार पाहिलेल्या मुंबईकराला हा आकडा ऐकून काही नवल वाटणार नाही. उंची २.२६ मीटर, साडेसात फुटांनाही जरा कमीच. नवल आहे ते हे आकडे आले कुठून यात. जागा तेवढीच होती म्हणून हे माप धरलेलं नाही. ते माणसाच्या अंगावरून घेतलंय.

कॉर्बुझिएनं ‘मोड्युलॉर’ नावाची मापपद्धत बसवली होती. तिच्या मुळाशी १.८३ मीटर, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस आहे. त्यानं एक हात वर केला की बोटांची टोकं २.२६ मीटरवर पोचतात. खोपट्याचं छत बरोबर तिथे आहे. आणि भिंतीची लांबी? माणसाच्या उंचीच्या दुप्पट. विहीर किती परस खोल आहे असं विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच कळेल. त्याहून मागे जा. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखायचं ‘पुरुष’ हे माप म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची! कॉर्बुझिएनं ते तिथून उचललं असं मी म्हणत नाही. पण इतक्या शतकांच्या अंतरावर दोन ठिकाणी माणसं मोजपट्टी शोधायला निघाली आणि दोघांनीही हात वर केला, हे वाचलं तेव्हा मी उठून भिंतीला पाठ लावून उभा राहिलो होतो.

आता चार पोस्टकार्डं घ्या, १४ बाय ९ सेंटीमीटरची, आपली नेहमीची. भिंगरीच्या पात्यांसारखी मांडा, एक आडवं, पुढचं उभं, पुन्हा आडवं, पुन्हा उभं. बाहेरून २३ सेंटीमीटरचा चौरस तयार होईल आणि मधोमध ५ सेंटीमीटरचा छोटा चौरस मोकळा राहील. खोपट्याचा नकाशा असाच आहे. २.२६ बाय १.४० मीटरचे चार आयत, मध्ये ८६ सेंटीमीटरचा चौरस. आता आकडे ओळीनं लिहा. ८६, १४०, २२६, ३६६. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज केली की पुढचा आकडा. खोलीच्या मधल्या चौरसापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत एकच साखळी वाढत गेली आहे. त्यामुळे पलंग, कपाट, टेबल, हात धुण्याचं भांडं इतकं सगळं असूनही एकात दुसरं अडकत नाही.

बाहेरून मात्र हे गणित दिसत नाही. दिसतात ते पाइनचे ओंडके. पण ते पूर्ण ओंडके नव्हेत. वखारीत ओंडका कापायला घेतला की पहिला अर्धगोल काप निघतो, एक बाजू सपाट, दुसरी सालीची. तेच काप सालीची बाजू बाहेर ठेवून भिंतींवर ठोकलेत. आतल्या भिंती प्लायवूडच्या. भाग कॉर्सिका बेटावर सुताराकडे तयार झाले आणि समुद्रापलीकडून आणून इथे जोडले. लाकूड उन्हात आकसतं, दमट हवेत फुगतं, तेही लांबीत जवळपास नाहीच, रुंदीत. म्हणून लाकडी घराला सांध्यांत थोडी मोकळीक ठेवावीच लागते. त्या बदल्यात ते ऊब धरून ठेवतं, कारण त्याच्या बारीक पेशींच्या पोकळ्यांत हवा कोंडलेली असते.

खिडक्या जेमतेम ७० सेंटीमीटरच्या. समोर भूमध्य समुद्र असताना काचेची अख्खी भिंत का नाही लावली? मला वाटतं, हीच त्याची सगळ्यात शहाणी गोष्ट. काचेच्या भिंतीतून उन्हाची भट्टी आत आली असती आणि समुद्र नुसता पडद्यासारखा पसरला असता. त्यानं खिडकीच्या आतल्या घडीच्या झडपेवर आरसा बसवला. झडप जरा फिरवली की बाहेरच्या समुद्राचा एक तुकडा खोलीत येतो. हवेसाठी वेगळ्या उभ्या अरुंद फटी आहेत, डासांची जाळी लावलेल्या. पाहायचं एका जागेतून, श्वास घ्यायचा दुसरीतून.

स्वयंपाकघर मुळीच नाही. भिंतीतल्या एका दारातून थेट शेजारच्या खानावळीत जाता येई, जेवण तिथेच. सावली बाहेरच्या कॅरोबच्या झाडाची, अंघोळ समुद्रात. काम करायला काही पावलांवर आणखी एक छोटी छपरी. निसर्गाशी जुळवून घेणारं घर म्हटलं की आपण मातीचे रंग आणि बांबूच्या कमानी डोळ्यांसमोर आणतो. इथे आधी ठरलं ते घरात काय ठेवायचं नाही, ते.

खालच्या बाजूला आयलीन ग्रे या रचनाकार स्त्रीनं १९२० च्या दशकात बांधलेलं सुंदर पांढरं घर आहे. त्याच्या भिंतींवर कॉर्बुझिएनं तिला न विचारता चित्रं रंगवली होती आणि ती त्यामुळे दुखावली. झाडाला, वाऱ्याला इतका मान देणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या भिंतीचा मान ठेवला नाही, हे मला खटकतं.

२७ ऑगस्ट १९६५ रोजी तो याच किनाऱ्यावर पोहायला उतरला आणि पाण्यातच गेला.

२०१६ साली युनेस्कोनं त्याच्या सतरा वास्तू एकत्रितपणे जागतिक वारसा म्हणून नोंदवल्या. त्यात चंडीगडचं कॅपिटॉल संकुल आहे आणि हे खोपटंही. दोन्हीकडे माप तेच मोड्युलॉरचं. त्याची स्वतःची मोड्युलॉरची मोजपट्टी तो खिशात एका छोट्या डबीत घेऊन हिंडायचा. १९५१ च्या मार्चमध्ये, चंडीगड अजून नुसती शेतं असताना, जीपमधून जाताना ती डबी कुठेतरी पडली. शोधूनही सापडली नाही. त्याच मातीवर पुढे शहर उभं राहिलं.